डोळ्यांतलं पाणी विकणे आहे

हल्ली टीव्हीवरच्या जाहिरातीत माल शेवटी दिसतो. आधी म्हातारी दिसते. शाळा सुटलेली पोर दिसते, मोलकरीण दिसते, दाढीवाला शेजारी दिसतो, सिग्नलवर पेनं विकणारं पोरगं दिसतं. मागं पियानो हळूहळू टिपं गाळत असतो. आपल्या घशाशी आवंढा येतो न येतो तोच कोपऱ्यात कंपनीचं नाव उमटतं. झाले तीस सेकंद. तेवढ्यात जात मोडते, बाई बरोबरीला येते, हिंदू-मुसलमान एकमेकांच्या गळ्यात पडतात. फुल्यांचं आणि बाबासाहेबांचं अख्खं आयुष्य ज्याला पुरलं नाही ते काम मोबाईल, दागिना आणि धुण्याची पावडर बसल्या बैठकीला उरकून टाकतात.

बाहेर एवढं पेटलेलं असताना संपादकीयाला जाहिरातींचा विषय कशाला, असं आपल्यातल्याच दोघातिघांनी विचारलं. त्यांनी एकदा आमच्या वस्तीत चक्कर मारावी. पेपर येतो चार घरांत. पुस्तकं आहेत दोन घरांत, त्यातलं एक माझं. टीव्ही मात्र घरटी आहे, पत्र्याच्या खोलीतही आहे, आणि जिथं तो बंद पडलाय तिथं हातातल्या फोनवर तेच चालू आहे. आपण दोन महिन्यांतून एकदा बत्तीस पानं काढतो. ते दर दहा मिनिटांनी आपल्या पोरांच्या डोक्यात शिरतात. परिसंवादात आपण ज्याला सांस्कृतिक राजकारण म्हणतो ते हेच. फरक एवढाच की इथं अध्यक्ष नसतो आणि आभारप्रदर्शन नसतं.

मी मॅट्रिक. जाहिरातीचं शास्त्र मला कोणी शिकवलं नाही. पण गोदीत मी माल चढवतो-उतरवतो. खोक्यावर काय छापलंय आणि आत काय भरलंय यातलं अंतर खोकं खांद्यावर घेणाऱ्याला वजनावरून कळतं. तेवढ्या भांडवलावर हे लिहितोय.

पूर्वीची जाहिरात उघड दुकानदार होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शननं जाहिराती घ्यायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकातली ती सर्फवाली ललिताजी थोरल्यांना आठवत असेल. पांढरपेशा घरातली, पै-पैचा हिशोब करणारी, स्वस्त आणि चांगलं यातला फरक ठणकावून सांगणारी बाई. आमच्या आजीला सर्फ परवडायचं नाही, तिला ललिताजी परकीच. पण बाई सर्फ विकत होती आणि विकतेय हे तोंडावर कबूल करत होती. १९९१ नंतर बाजार उघडला, सॅटेलाइटच्या वाहिन्या आल्या, एकाच फळीवर सात पावडरी येऊन बसल्या. सगळ्यांचा फेस सारखाच. फेसाबद्दल बोलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा माणसाच्या काळजात हात घालायचा धंदा सुरू झाला. आधी आई, मग बाप, मग दिवाळीला घरी न आलेला मुलगा, मग गरिबी. शेवटी जात.

जातीवरच येतो. २००७-०८ च्या सुमारास आयडिया या मोबाईल कंपनीची एक जाहिरात देशभर गाजली. बिर्लांची कंपनी. गावात जातीवरून दोन गट भिडलेत. गावाचा प्रमुख आहे अभिषेक बच्चन. त्याच्या डोक्यात कल्पना येते: आजपासून कोणी कोणाला नावानं, जातीनं ओळखायचं नाही, मोबाईल नंबरनं ओळखायचं. बस्स. गाव शांत. बाजूचा माणूस मान डोलवून म्हणतो, व्हॉट अ‍ॅन आयडिया, सरजी! हे वाक्य तेव्हा पोराटोरांच्या तोंडी बसलं होतं. माझ्याही. दहाएक वर्षांचा असेन.

आता ती नीट बघा. दोन्ही बाजू सारख्याच भांडखोर. जात म्हणजे जणू दोन गल्ल्यांमधली क्रिकेटची भानगड. कोण वर, कोण खाली, विहीर कोणाची, जमीन कोणाच्या नावावर, कोणाची वस्ती गावाच्या कुठल्या अंगाला, यातलं काही नाही. मारणारा दाखवला नाही, म्हणून मार खाणाराही दिसत नाही. आणि कल्पना सुचते कोणाला? गावच्या धन्याला. जात मोडायची तीही वरून हुकूम सुटून. खालच्या माणसाला त्या गोष्टीत एकच काम आहे, हुकूम पाळणं. तो आधीही तेच करत होता.

ह्याच्या थोडंच आधी, २९ सप्टेंबर २००६ ला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत जमावानं भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. आई, मुलगी, दोन मुलगे. शेतातल्या रस्त्याचा वाद होता, पोलिसांपुढं दिलेली साक्ष होती, आणि दलित बाई मान वर करून जगते याची खदखद होती. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी धरलं, पण अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. म्हणजे बघा, एकाच काळात कोर्टाला जात सापडत नव्हती आणि टीव्हीवर ती नंबर दाबून मिटत होती.

आणि नंबर म्हणे! मला नंबर आहे. गेटपासावर आहे, कंत्राटदाराच्या वहीत आहे. टोळीत नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याचा नंबर विचारतात, दुसऱ्या दिवशी डबा उघडताना आडनाव. आडनावानं भागलं नाही की गाव. गावानं भागलं नाही की घरात देव कुठला. नंबरानं आजवर कोणाची जात झाकल्याचं मी पाहिलं नाही. नंबरानं झाकतो तो माणूस. उद्या स्लिंग तुटून कोणी खाली आला तर वहीतला एक आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा, एवढी सोय त्यात जरूर आहे.

आपली चळवळ ही नावाची चळवळ आहे, हे त्या जाहिरात लिहिणाऱ्याला माहीत असायचं काही कारण नाही. ज्यांच्या बापजाद्यांना कचऱ्या, धोंड्या, दगड्या म्हणून गावानं हाका मारल्या त्यांनी १९५६ नंतर पोरांची नावं गौतम ठेवली, राहुल ठेवली, पोरींची संघमित्रा, प्रज्ञा ठेवली. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळे मारले गेले, लोकांनी स्वतःला पेटवून घेतलं. एका नावासाठी! आणि बिर्लांचा गावप्रमुख सांगतो, नाव टाका, नंबर घ्या. नंबर देणार कोण? बिर्ला. महिन्याचं रिचार्ज मारणार कोण? आम्ही. पुढं २०१८ मध्ये ही आयडिया व्होडाफोनात मिसळली आणि २०२० मध्ये दोघांचं मिळून वी झालं. कंपनीला स्वतःला मात्र प्रत्येक वेळी नाव लागलं. नंबरावर तिचं भागलं नाही.

पुढचं उदाहरण टीव्हीपेक्षा फोनवर जास्त फिरलं, पण कारखाना तोच. ५ जून २०२३, पर्यावरण दिन. झोमॅटो ही घरपोच जेवण पोचवणारी कंपनी. तिला सांगायचंय काय, तर प्लास्टिकच्या कचऱ्यापासून वस्तू बनतात. चांगलं आहे, सांगा. तर ह्यांनी काय केलं, २००१ च्या लगान सिनेमातला अस्पृश्य कचरा, तोच नट आणला आणि त्याला वस्तू केलं. कचऱ्याचा दिवा, कचऱ्याचा कागद, कचऱ्याचं पेपरवेट, कचऱ्याची झाडाला पाणी घालायची झारी. माणूस बसलाय आणि त्याचा वापर चाललाय. नावावरचा विनोद! ओरड झाली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगानं नोटीस काढली, कंपनीनं फिल्म मागं घेतली आणि खुलासा केला की आमचा हेतू जागृतीचा होता, अनवधानानं कोणाच्या भावना दुखावल्या असतील.

भावना. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्या भावना दुखावल्या नाहीत साहेब. भावना दुखावतात लग्नात मानपान चुकला म्हणजे. तुम्ही माणसाला झारी केलंत. ती फिल्म कोणाच्या तरी डोक्यात आली, कोणीतरी लिहिली, कोणीतरी पैसे मंजूर केले, शूटिंग झालं, एडिटिंग झालं. एवढ्या खोल्यांतून ती पास होत आली आणि एकाही खोलीत कोणाला ठेच लागली नाही. त्या खोल्यांत कोण बसतं हे यावरून ओळखा.

त्याच्याही आधीचा मे २०२० आठवा. लॉकडाऊन. केंट ही पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारी कंपनी. तिनं कणीक मळायच्या यंत्राची जाहिरात काढली: तुम्ही मोलकरणीला हातानं कणीक मळू देता का? तिच्या हाताला संसर्ग असू शकतो. रोग विमानानं आला होता दोस्तहो, विमानातून उतरलेल्यांनी आणला होता, आणि संशय आला भाकरी थापणाऱ्या हाताचा! बोंब झाल्यावर कंपनीनं माफी मागितली, जाहिरात काढून घेतली. पण मला ती वाचल्याबरोबर महाड आठवलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि नंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांचे १०८ घडे ओतून ते तळं शुद्ध करून घेतलं. शुद्ध हा शब्द आपल्या देशात कधीच नुसता पाण्याबद्दल नसतो. शेणाचे घडे गेले, फिल्टर आला, आणि हात तोच बाटगा राहिला.

आता सगळ्यात गोड जाहिरातींकडं या. लग्न जुळवणाऱ्या. २०१४ मध्ये भारत मॅट्रिमोनीची एक जाहिरात आली होती: सुनेनं नोकरी करावी की नाही असा घरात प्रश्न निघतो आणि नवरा बायकोची बाजू घेतो. बायकांनी ती एकमेकींना पाठवली. वाईट नव्हती. पण हीच मंडळी दुसऱ्या दारानं ब्राह्मण मॅट्रिमोनी, अगरवाल मॅट्रिमोनी अशी जातवार दुकानं चालवतात. पुढच्या दारात पुरोगामी नवरा, मागच्या दारात जातीची चाळणी. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि मंडळानंच रद्द केलेल्या, त्या भाषणात बाबासाहेबांनी जात मोडायचा खरा उपाय आंतरजातीय लग्न हाच सांगितला. मोबाईल नंबर नाही सांगितला. जिथं जात खरोखर मोडते तिथं हे चाळणी विकतात, जिथं मोडत नाही तिथं डोळे पुसतात.

फेअर अँड लव्हलीबद्दल फार लिहीत नाही. १९७५ पासून तिनं काळ्या पोरींना त्यांचीच लाज विकली. २००३ मध्ये अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं लावून धरल्यावर काही जाहिराती बंद झाल्या. निषेधानं काय होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण क्रीम चालूच. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडला मारलं, काळी माणसं रस्त्यावर आली, तेव्हा कुठं इकडं फेअरचं ग्लो झालं. आपल्या पोरी पंचेचाळीस वर्षं आरशापुढं उभ्या होत्या, त्यांच्यासाठी पाझर फुटायला मिनिआपोलिसमध्ये माणूस मरावा लागला.

हे सगळं वाचून एखादा म्हणेल, तुम्हाला काहीच चालत नाही. निदान चांगलं काही दाखवतात तरी. आणि ज्यांना हे चांगलं नको आहे तेही टपलेलेच आहेत. खरं आहे. २०१९ ला सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीत एक पोरगी सगळा रंग स्वतःच्या अंगावर घेते आणि मुसलमान मित्राला कोऱ्या कपड्यांत नमाजाला पोचवते. बहिष्काराची हाळी उठली. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कनं मुसलमान सासरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवलं, तर एवढी झुंड अंगावर आली की टाटांच्या कंपनीनं दोन-चार दिवसांत जाहिरात मागं घेतली. कारण दिलं की दुकानातल्या माणसांच्या सुरक्षिततेची काळजी. त्या झुंडीच्या बाजूला आपण उभे राहणार नाही, कुठल्याही कारणानं नाही. ती पोरगी मला आवडली होती, हेही लिहून ठेवतो. माझं म्हणणं वेगळं आहे. माणुसकी विक्रीच्या खात्यात घातली की ती विक्रीच्याच हिशोबानं चालते. खप वाढतोय तोवर ऐक्य, दुकानाची काच फुटायची वेळ आली की शटर खाली. ज्या मुसलमान घरांवर खरोखर दगड पडतात त्यांना शटर नसतं.

आणि भावनेला हात घालूच नये असंही मी म्हणत नाही. कवी माणूस आहे, भावनेशिवाय माझा तरी काय धंदा? पोलिओच्या जाहिराती आठवा. अमिताभ बच्चन टीव्हीवर येऊन देशातल्या आईबापांवर चक्क रागवायचा. तो राग घराघरात कामी आला. देशातली शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्याला पोलिओमुक्त ठरवलं. का कामी आला? कारण त्या रागाच्या शेवटी बिल नव्हतं. दोन थेंब होते. गळ्यात बर्फाची पेटी अडकवलेली एक बाई दारात येत होती आणि पैसे मागत नव्हती. जाहिरात तिच्यासाठी होती, ती जाहिरातीसाठी नव्हती.

त्याच अमिताभनं २०१७ मध्ये सरकारसाठी संडासाचा दरवाजा बंद करा म्हणून सांगितलं. सांगू दे, उघड्यावर बसायची हौस आपल्या बायकांना नव्हती. पण संडासाची टाकी भरल्यावर ती उपसायला कोण उतरतो, तो दरवाजा काही उघडला नाही. हातानं मैला काढायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या वारसांना ३० लाख द्या म्हणून सांगितलं. बंदी असलेल्या कामाची भरपाई ठरवावी लागते, यातच सगळं आलं. त्या माणसासाठी टीव्हीवर कोणी रागावलेलं मी पाहिलेलं नाही.

एरिअलच्या जाहिरातीबद्दल एवढंच. २०१५ पासून ती विचारते, धुणं हे फक्त बाईचंच काम का? सवाल बिनतोड आहे. आमची आई चार घरची भांडी करते. ती म्हणाली, "भार वाटून घ्यायचा खरा, पण ते मशीन कुणाकडं हाय? आन् नळाला पाणी?"

आता आपल्या घरातली गोष्ट, ज्यासाठी हे पान खरं तर लिहायला घेतलं.

मार्च महिन्यात एका कंपनीच्या वतीनं एक माणूस आपल्याकडं आला. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर तिची फुकट जाहिरात होईल. त्याला १४ एप्रिलसाठी तीस सेकंदांची फिल्म करायची होती. वस्तीतली म्हातारी, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती. नातू नोकरीचं पत्र घेऊन येतो, म्हातारीच्या डोळ्यांत पाणी, निळ्या अक्षरांत जय भीम, खाली कंपनीचा शिक्का. शूटिंग आपल्या वस्तीत, माणसं आपण जमवायची, आणि अंकाचं मागचं पान त्यांना द्यायचं. एकूण चाळीस हजार रुपये. चाळीस हजारांत आपले अडीच अंक निघतात.

माणूस वाईट नव्हता. नम्र होता, आत येताना चपला काढून आला. वस्तीतल्या एक आजी त्यानं पसंत केल्या. सत्तरी ओलांडलेल्या, नामांतराच्या मोर्चात पोलिसांची लाठी खाल्लेल्या. आजी जयंतीची पांढरी साडी नेसून, केस विंचरून आल्या. त्यानं पाहिलं, घुटमळला, म्हणाला, आजी, साडी छानच आहे, पण कॅमेऱ्यासाठी जरा जुनी, विरलेली मिळाली तर... आणि तो मागचा फ्रिज झाकता आला तर बरं.

आजी म्हणाल्या, "बाबा, जयंतीला आमी फाटकं नेसत नाय." आणि आत गेल्या. फ्रिज त्यांच्या लेकानं हप्त्यावर घेतलाय. झाकला नाही.

विषय तिथं संपायला हवा होता, पण आपल्या बैठकीत तो तीन तास चालला. सातजण होतो. एकानं मुद्दा काढला तो साधा नव्हता. म्हणाला, कंत्राटदाराचा पगार तुला चालतो, मग कंपनीची जाहिरात का नाही? शुद्ध पैसा दाखव मला. मूकनायकसाठी बाबासाहेबांनी शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये घेतले की नाही? आजीची साडी आपण नवीच ठेवू, फ्रिजही ठेवू, तेवढी अट घालू.

मी त्याला दिलेलं उत्तर इथं मांडतो. कंत्राटदार माझे हात विकत घेतो, आठ तासांपुरते. माझं रडणं तो मागत नाही. १९२० साली मूकनायक निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही केसरीनं छापली नाही. आपलं नाव त्यांच्या पानावर रोख पैशानंसुद्धा चढत नव्हतं. आज तेच पैसे घेऊन आपल्या पानावर यायला निघालेत, म्हणजे आपल्या नावाला भाव आलाय, हे कबूल. पण महाराजांनी पैसे दिले ते मुक्याला बोलता यावं म्हणून. इथं पैसे मिळणार होते ते आजीनं गप्प राहून रडावं म्हणून. त्यांनी पाठवलेला कागद मी बैठकीत वाचून दाखवला. नातवाला दोन वाक्यं होती. निवेदकाला तीन. आजीला एकही नव्हतं. डोळ्यांत पाणी, असं कंसात लिहिलं होतं. लाठी मारणारा कोण होता, घर जाळणारा कोण होता, नातवाला नोकरी मिळायला इतकी वर्षं का लागली, हे विचारायचा हक्क जिला आहे तिचंच तोंड त्या कागदात शिवलेलं होतं. साडी नवी ठेवून ते उसवत नाही.

हात वर झाले. पाच विरुद्ध दोन. चाळीस हजार परत गेले.

त्यामुळं हा अंक बत्तीसऐवजी चोवीस पानांचा आहे, कागद पिवळा आहे, आणि कबूल केलेल्या दोन कथा पुढच्या अंकावर गेल्या आहेत. त्या लेखकांनी शिव्या मला द्याव्यात, छापखान्याला नको. पैसे घ्यावेत म्हणून ज्या दोघांनी हात वर केले त्यातल्या एकाचं टिपण अकराव्या पानावर आहे. मला ते पटलेलं नाही, पण एक ओळही कापलेली नाही. त्यावर पत्रं पाठवा, छापू. मागचं पान आजींना दिलंय. त्या बोलल्या तसं उतरवून घेतलं, १९७८ पासूनचं. मजकूर जास्त झाल्यानं टाईप बारीक करावा लागला.

वर्गणी राहिलेल्यांनी रविवारी सहानंतर बुद्धविहारात आणून द्यावी. माझी पाळी असली तरी कोणीतरी असेल.